जुन्या पिकअपचा एसी थंड करत नाही? गॅस भरण्याआधी हे तपासा

एसीतून गार हवा येईनाशी झाली की पहिला सल्ला ठरलेला असतो: गॅस भरून घ्या. पण एसीचा गॅस इंधनासारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमध्ये गोल फिरत राहतो. जुन्या गाडीत रबरी होजमधून आणि कॉम्प्रेसरच्या (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाच्या) शाफ्ट सीलमधून वर्षानुवर्षं थोडाथोडा झिरपतो, हे खरं. पण दरवर्षी भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. आणि गॅस पुरेसा असूनही हवा गरम येत असेल, तर वरून भरलेला जादा गॅस कॉम्प्रेसरचाच जीव घेतो.

म्हणून तपासणीचा एक क्रम सांभाळा: आधी हवा, मग वीज, मग फिरणारे भाग आणि सगळ्यात शेवटी गॅस. पहिल्या तीन टप्प्यांना डोळे, हात, एक थर्मामीटर आणि साधा मल्टिमीटर पुरतो. जुन्या पिकअपमधले बरेचसे दोष तिथेच सापडतात.

आधी लक्षण नीट ओळखा

‘थंड करत नाही’ एवढ्याने काहीच कळत नाही. कधी करत नाही, ते बघा. इंजिन गरम करून घ्या, गाडी सावलीत उभी करा, काचा बंद ठेवा, आतलीच हवा फिरवणारं बटण दाबा आणि ब्लोअर मधल्या वेगावर ठेवा. डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत थर्मामीटरची दांडी खुपसा आणि इंजिन साधारण १५०० आरपीएमवर पाच-दहा मिनिटं चालू द्या. कोरड्या हवेत चांगला एसी जाळीपाशी ४ ते १० अंशांपर्यंत उतरतो. दमट हवेत आकडा थोडा वर राहतो, कारण एसीची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते. तो दोष समजू नका.

आता गाडी चालवून बघा. वेगात गार आणि सिग्नलला उभं राहिलं की कोमट, असं होत असेल तर कंडेन्सरवर (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीवर) पुरेशी हवा जात नाही. सुरुवातीला गार, अर्ध्या-पाऊण तासाने हवेचा जोरच कमी होतो आणि एसी थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा ठीक, असं असेल तर आतल्या कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. हवेचा जोर तसाच राहून ती फक्त गरम होत असेल, तर कॉम्प्रेसरचा क्लच (त्याला पट्ट्याच्या पुलीशी जोडणारा चुंबकी भाग) सुटतोय किंवा एक्सपान्शन व्हॉल्व्हमध्ये (कूलिंग कॉइलच्या तोंडाशी गॅस मोजून सोडणाऱ्या झडपेत) ओलावा गोठतोय. चढावर किंवा जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर हवा समोरून नाहीशी होऊन काचेकडे जात असेल, तर तो गॅसचा प्रश्नच नाही. त्याचं कारण पुढे सांगतो.

हे निरीक्षण लिहून ठेवा. गाडी कोणाला दाखवायची वेळ आलीच, तर हा कागद तुमचा निम्मा वेळ वाचवेल.

हवा: ब्लोअर, कॉइल आणि झडपा

ब्लोअर फक्त शेवटच्या, सगळ्यात मोठ्या वेगावरच चालत असेल तर रेझिस्टर (वीज कमी करून ब्लोअरचे कमी वेग देणारा भाग) गेला आहे. शेवटच्या वेगाला वीज रेझिस्टरला वळसा घालून थेट जाते, म्हणून तेवढा चालतो. रेझिस्टर बदलताना त्याचा प्लग नीट पाहा. जुन्या गाड्यांत तो वितळून तपकिरी झालेला असतो. नवा रेझिस्टर त्याच प्लगवर लावला तर तोही जातो. शिवाय ब्लोअरची मोटार बेअरिंग जाम झाल्यामुळे जास्त करंट ओढत असेल, तर रेझिस्टर पुन्हापुन्हा जळेल. मोटार हाताने फिरवून पाहा, ती सहज फिरली पाहिजे.

ब्लोअर जोरात फिरतोय पण जाळीतून हवा मात्र जेमतेम येतेय, ही जुन्या पिकअपची खास तक्रार. यातल्या बऱ्याच गाड्यांना केबिन फिल्टर नसतोच. काचेच्या खालच्या जाळीतून पडलेली पानं, धूळ, कधी उंदराच्या घरट्याचा कापूस हे सगळं थेट कूलिंग कॉइलवर जाऊन बसतं. डॅशबोर्ड न खोलता हे बघायची एक सोय आहे. ब्लोअरचा रेझिस्टर बहुधा हवेच्या खोक्यातच दोन स्क्रूंवर बसवलेला असतो. तो काढला की हातभर रुंद नसली तरी टॉर्च आणि छोटा आरसा धरण्याइतकी फट मिळते. आत फिन्सवर (कॉइलच्या पातळ पत्र्यांवर) नमद्यासारखा राखाडी थर दिसला तर दोष सापडला. ब्लोअर काढून तो थर हाताने, मऊ ब्रशने आणि व्हॅक्यूम क्लीनरने ओढून काढा. धातूचा ब्रश लावू नका, फिन्स वाकतात आणि कॉइल फुटू शकते. बर्फ धरण्याचं कारणही पुष्कळदा हाच थर असतो, कारण हवा जात नाही म्हणून कॉइल शून्याखाली उतरते.

तिथेच खाली पाणी जायची नळी असते. ती तुंबली की पाणी शेजारच्या सीटच्या पायाशी सांडतं. तार खुपसायची तर हलक्या हाताने, कॉइल जवळच असते.

मग झडपा. तापमानाचा नॉब पूर्ण थंडावर असतानाही हीटरच्या गरम हवेची झडप किंचित उघडी राहिली, तर एसी व्यवस्थित काम करत असूनही जाळीतून कोमट हवा येते. नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. झडप आपटल्याचा आवाज दोन्हीकडे यायला हवा. केबल असेल तर ती ताणली गेलेली किंवा क्लिपमधून निसटलेली असते. ज्या गाड्यांना हीटरच्या पाइपवर पाण्याचा व्हॉल्व्ह असतो, तिथे तो अर्धवट अडकलेला आहे का ते बघा. खात्री करायची असेल तर इंजिन थंड असताना हीटरच्या एका होजला रुंद, गुळगुळीत जबड्याचा क्लॅम्प लावून पाणी अडवा आणि एसी चालवा. जाळीवरचं तापमान झपकन उतरलं तर दोष झडपेत किंवा पाण्याच्या व्हॉल्व्हमध्ये आहे. होज कडक होऊन तडकला असेल तर ही चाचणी करू नका. पक्कड तर अजिबात वापरू नका.

आता ते चढावरचं कोडं. काही जुन्या पिकअपमध्ये झडपा इंजिनच्या व्हॅक्यूमवर हलतात. व्हॅक्यूम संपला तर काच धुक्याने झाकू नये म्हणून हवा आपोआप काचेकडे जाईल, अशी रचना मुद्दाम केलेली असते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पेट्रोल इंजिनमधला व्हॅक्यूम घटतो. तेवढ्या वेळापुरता साठा टाकीत धरून ठेवायचा, हे काम एकदिशा व्हॉल्व्हचं. तो गळत असेल किंवा बारीक प्लास्टिकची नळी चिरली असेल, तर झडप आपली जागा सोडते. बॉनेटखालची ती नळी बोटांनी चाचपत जा. तुटलेली जागा बहुतेक वेळा वळणावर किंवा बॅटरीजवळ सापडते.

वीज: क्लच ओढतोय का?

इंजिन चालू ठेवून एसी लावा आणि कॉम्प्रेसरच्या पुढच्या चकतीकडे पाहा. पुली सतत फिरते, पण चकती तिला चिकटून फिरायला लागली तरच कॉम्प्रेसर चालतोय. सैल बाह्या, गळ्यातला टॉवेल, लोंबणारी साखळी असलं काही अंगावर ठेवून बॉनेटमध्ये वाकू नका. जुन्या पिकअपचा पंखा पट्ट्यावर चालतो, तो सदैव फिरत असतो.

चकती फिरत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले. हॉर्नचा किंवा दुसरा कुठला तरी रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून पाहा. त्यानंतर क्लचच्या प्लगवर व्होल्टेज मोजा. मात्र प्लग काढून मोजू नका. वायर जोडलेली असताना, म्हणजे भार असताना मोजा. गंजलेल्या जोडावर भार नसेल तर मीटर १२ व्होल्ट दाखवतो आणि भार आला की तेच ९ वर येतात. बॅटरीवर १४ च्या आसपास असताना क्लचवर १ व्होल्टपेक्षा फार जास्त तूट दिसली, तर वायर, रिलेचे पाय आणि अर्थिंग साफ करा. अर्थिंगकडे दुर्लक्ष नको. इंजिनपासून बॉडीकडे जाणारी पट्टी कुजली की एसीपासून दिव्यांपर्यंत सगळंच अर्धमेलं चालतं.

प्लगवर वीज पुरेशी आहे आणि तरी क्लच ओढत नाही, तर क्लचच्या चुंबकाच्या कॉइलचा रोध मोजा. साधारण ३ ते ५ ओहम असायला हवा. मीटरवर अनंत आलं तर कॉइल तुटलेली आहे.

जुन्या गाड्यांत सर्रास दिसणारा आणि नेमका सुटणारा दोष हा: सकाळी क्लच ओढतो, तासाभराने इंजिन तापल्यावर सुटतो आणि पुन्हा लागत नाही. चकती आणि पुली घासून घासून त्यांच्यातली फट वाढलेली असते. कॉइल तापली की तिचा रोध वाढतो, चुंबकाची ओढ कमी होते आणि एवढी फट ती पार करू शकत नाही. दोष आला त्याच क्षणी इंजिन बंद करा. चावी फक्त ‘ऑन’वर ठेवा आणि एसी चालू असू द्या. काही गाड्यांत इंजिन बंद असताना क्लचला वीज मिळत नाही, तिथे बॅटरीवरून फ्यूज असलेली वायर थेट क्लचला द्यावी लागेल. मग लाकडी दांड्याने चकती पुलीकडे हलकेच ढकला. टक्क आवाज करून ती चिकटून राहिली, तर फटच वाढलेली आहे. फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तीन-चार ठिकाणी मोजा. बहुतेक कॉम्प्रेसरना ०.३ ते ०.६ मिलिमीटर चालते, तुमच्या कॉम्प्रेसरचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. मधला बोल्ट काढून चकती उतरवली की तिच्या मागे पातळ वायसर असतात. त्यातला एक काढला की फट कमी होते. गॅस सोडावा लागत नाही, कॉम्प्रेसर उतरवावा लागत नाही. एवढ्यासाठी अख्खा कॉम्प्रेसर बदलला जातो, याचं वाईट वाटतं.

क्लचला वीजच पोहोचत नसेल, तर प्रेशर स्विच बघा. गॅस फार कमी असला की हा स्विच मुद्दाम वीज तोडतो. दोनच वायरचा लो-प्रेशर स्विच असेल तर त्याचा प्लग काढून वायरच्या तुकड्याने दोन टोकं काही सेकंदांपुरती जोडा. क्लच लागला तर एक तर स्विच खराब आहे, नाहीतर गॅस खरोखर कमी आहे. तीन किंवा चार वायरच्या स्विचवर हा प्रयोग नको. आणि जोडलेली वायर तशीच ठेवून गाडी चालवणं म्हणजे कॉम्प्रेसर मारणं. तेल गॅसबरोबरच फिरतं. गॅस नाही तर तेलही नाही.

पट्टा, बेअरिंग आणि पुढचा पंखा

एसी बंद असतानाच घरघर येत असेल तर पुलीचं बेअरिंग गेलं आहे. एसी लावल्यावरच आवाज येत असेल तर कॉम्प्रेसरच्या आत काहीतरी बिघडलं आहे. लावल्याक्षणी किंचाळी आली तर पट्टा सैल किंवा गुळगुळीत झालाय.

कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो आणि पिकअप कच्च्या रस्त्यावर जास्त फिरते, त्यामुळे चिखल आणि किडे त्याच्यात गच्च बसतात. इंजिन थंड असताना आतून बाहेरच्या दिशेने हलक्या दाबाने पाणी मारा. प्रेशर वॉशर जवळ धरला तर फिन्स झोपतात. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीतही कचरा अडकतो, तो पुढून दिसत नाही.

उभ्या गाडीत कोमट हवा येत असेल तर एक सोपी चाचणी: एसी चालू असताना कंडेन्सरवर फवाऱ्याने पाणी मारा, पंख्यापासून हात लांब ठेवून. जाळीवरचं तापमान लगेच उतरलं, तर कंडेन्सरला हवा कमी पडतेय. मग पंख्याचा फॅन क्लच (इंजिन तापलं की पंख्याची पकड घट्ट करणारा भाग) तपासा. गरम इंजिन बंद करून पंखा हाताने ढकला. क्लच चांगला असेल तर तो जड लागतो, ढिला असेल तर गरगर फिरत राहतो. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं तुटलेलं किंवा काढून टाकलेलं असेल तर ते परत बसवा. ते नसलं की पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी तीच गरम हवा घुसळत बसतो.

हाताने पाइप चाचपा

गेज लावायच्या आधी हात बरंच सांगतो. एसी दहा मिनिटं चालल्यावर कॉम्प्रेसरकडे परत येणारा जाड पाइप गार आणि घामेजलेला हवा. कॉम्प्रेसरमधून निघणारा पाइप चटका बसेल इतका गरम असतो, त्याला नुसता निसटता स्पर्श करा. ड्रायरच्या (गॅसमधला ओलावा शोषणाऱ्या डबीच्या) दोन्ही बाजूंचे पाइप सारखेच कोमट असतात. एक बाजू कोमट आणि दुसरी गार लागली, तर ड्रायर तुंबला आहे. कुठल्याही पाइपवर एका ठरावीक जागेनंतर अचानक दव किंवा बर्फ दिसला, तर अडथळा तिथेच आहे.

गेज: आकडे कसे वाचायचे

इथून पुढे चष्मा आणि हातमोजे घाला. आर-१३४ए, म्हणजे एसीत नेहमी असणारा गॅस, उघड्या हवेत उणे २६ अंशांना उकळतो. डोळ्यात थेंब गेला तर डोळा जाऊ शकतो.

आधी गाडीत कुठला गॅस आहे ते नक्की करा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या गाड्यांत आर-१२ असे. ओझोनला मारक म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो टप्प्याटप्प्याने बंद झाला. त्याच्या सर्व्हिस व्हॉल्व्हना (गेज लावायच्या आणि गॅस भरायच्या तोंडांना) आट्या असतात, आर-१३४ए चे व्हॉल्व्ह खटक्याने बसतात. गाडी रूपांतरित असेल तर बॉनेटखाली तसं लेबल असायला हवं. दोन्ही गॅसचं तेल वेगळं असतं. आर-१२ चं मिनरल तेल आर-१३४ए मध्ये मिसळत नाही, त्यामुळे नुसता गॅस बदलून भागत नाही.

गेजचा निळा काटा कमी दाबाच्या बाजूचा, लाल जास्त दाबाच्या बाजूचा. इंजिन बंद असताना दोन्ही काटे सारखे दिसतील. बाहेर ३० अंश असतील तर आर-१३४ए साठी ९५ ते १०० पीएसआयच्या (दाबाच्या एककाच्या) आसपास. हा दाब तापमानावर ठरतो, गॅसच्या वजनावर नाही. आत थोडा जरी द्रव गॅस शिल्लक असेल तरी आकडा तोच येतो. म्हणून ‘दाब बरोबर आहे, म्हणजे गॅस पुरेसा आहे’ हा निष्कर्ष चुकीचा. आकडा खूप खाली असेल, तर मात्र गॅस जवळजवळ गेलेलाच आहे.

इंजिन चालू, दारं उघडी, ब्लोअर पूर्ण वेगावर. साधारण ३० अंशांच्या हवेत निळा काटा २५ ते ४० आणि लाल काटा १८० ते २५० च्या दरम्यान असावा. निळ्या बाजूचा ३० पीएसआय म्हणजे कॉइलमध्ये गॅस सुमारे २ अंशांना उकळतोय. त्याखाली बराच वेळ राहिलं की बर्फ धरणार.

दोन्ही काटे खाली असतील तर गॅस कमी. दोन्ही वर असतील तर गॅस जादा, आत हवा शिरलेली किंवा कंडेन्सरला वारा नाही, म्हणून तो पाण्याचा फवारा पुन्हा मारून बघा. निळा वर आणि लाल खाली, दोघांत फारसा फरकच नाही, तर कॉम्प्रेसर दाबत नाही. निळा शून्याखाली व्हॅक्यूममध्ये गेला तर वाट बंद आहे: एक्सपान्शन व्हॉल्व्ह, ऑरिफिस ट्यूबची (काही गाड्यांत त्या व्हॉल्व्हऐवजी असलेल्या बारीक भोकाच्या नळीची) जाळी किंवा ड्रायर.

गळती शोधायची, लपवायची नाही

गॅस बाहेर पडताना तेल घेऊन येतो, म्हणून तेलकट आणि धूळ चिकटलेली जागा हाच पहिला पुरावा. कॉम्प्रेसरच्या क्लचमागे, होजच्या दाबलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या टोकांवर, कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात आणि सर्व्हिस व्हॉल्व्हच्या टोपणाखाली बघा. व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाका, बुडबुडे लगेच दिसतात. बारीक गळतीला अतिनील रंग किंवा इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर लागतो. गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे डिटेक्टर जोडाच्या खालून फिरवा. आतल्या कॉइलचा संशय असेल तर एसी बंद करून थोड्या वेळाने पाणी जायच्या नळीच्या तोंडाशी धरा.

दाब देऊन तपासायचं तर कोरडा नायट्रोजन वापरा. गॅरेजमधल्या हवेच्या कॉम्प्रेसरची हवा ओलावा आत नेते आणि दाबाखाली आर-१३४ए बरोबर पेट घेऊ शकते. ऑक्सिजन तर कदापि नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. डब्यातून मिळणारं गळती बुजवणारं द्रव्यही टाळा, ते बारीक वाटा तुंबवतं. एलपीजीसारखा ज्वलनशील गॅस तर केबिनमध्ये बसलेल्या माणसांच्या जिवाशी खेळ आहे.

उघडायची वेळ आली तर

आतला गॅस हवेत सोडू नका. अनेक देशांत तो गुन्हा आहे आणि आर-१३४ए वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त आहे. तो यंत्राने काढून घेणं हे काम ते यंत्र असलेल्याकडेच द्यावं.

सिस्टिम उघडली की उघडलेल्या प्रत्येक जोडाची ओ-रिंग नवी घाला, गॅसला चालणारीच, तेलाचा हात लावून. ड्रायर बदला. त्यातली ओलावा शोषणारी पूड हवेत उघडी राहिली की काही वेळात भरून जाते. ऑरिफिस ट्यूब असेल तर ती ओढून तिची जाळी बोटावर पुसून बघा. चंदेरी-करडी पूड निघाली तर कॉम्प्रेसर आतून झिजतोय आणि ती पूड सगळीकडे पसरली आहे. अशा वेळी नुसता नवा कॉम्प्रेसर बसवला तर तोही जातो. पाइप धुवावे लागतात आणि बारीक वाटांचा कंडेन्सर धुऊन साफ होत नसल्याने तोही बदलावा लागतो.

मग पंपाने किमान अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम ओढा. एवढ्या कमी दाबात आतलं पाणी नेहमीच्या तापमानालाच उकळून निघून जातं. पंप बंद करून गेज धरून ठेवा. काटा पुन्हा वर सरकला तर एक तर गळती राहिली आहे, नाहीतर अजून ओलावा आहे. तो स्थिर राहिल्याशिवाय गॅसचा नळ उघडू नका.

गॅस वजनाने भरा, काटा बघून अंदाजाने नाही. बॉनेटखालच्या लेबलवर ग्रॅममध्ये आकडा असतो. आर-१२ ची गाडी आर-१३४ए वर आणलेली असेल तर मूळ वजनाच्या ८० ते ८५ टक्क्यांपासून सुरुवात करा. इंजिन चालू असताना डबा फक्त निळ्या बाजूला आणि सरळ उभा धरून, म्हणजे वायुरूप गॅसच आत जाईल. लाल बाजूला डबा लावला तर उलट दाबाने तो फुटू शकतो.

भरून झाल्यावर सुरुवातीची थर्मामीटरची चाचणी तशीच्या तशी पुन्हा करा आणि जुन्या नोंदीशेजारी नवा आकडा लिहा. गॅसचं वजन, तेलाचा प्रकार आणि तारीख यांची चिठ्ठी बॉनेटच्या आत चिकटवा. सर्व्हिस व्हॉल्व्हची टोपणं विसरू नका, ती धूळ तर अडवतातच, पण गॅस रोखणारं दुसरं सीलही तीच असतात. आणि थंडीच्या महिन्यांतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवा, म्हणजे शाफ्ट सीलला तेल मिळत राहतं.